वेल्डिंग पक्कं हाय

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे ज्यांच्यामुळे झालं ते पलूसचे आमचे शेजारी सर्जेरावआप्पा. बारावीनंतर वडील मला शेतात घालणार होते, तेव्हा आप्पांनीच मला सांगलीच्या कॉलेजात नेऊन बसवलं.

आप्पा एसटीत बसले की त्यांचा उजवा पाय सरळ वाटेत येतो. कुणी कुरकुरलं की ते कंडक्टरला सांगतात, "पायाचं हाफ तिकीट फाडा!"

हा पाय गुडघ्यात वाकत नाही. आप्पांनी कृत्रिम सांधा बसवून घेतला होता, पण त्यात जंतुसंसर्ग झाला. पुन्हा उघडला, तरी पू थांबेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता नवा सांधा टिकणार नाही. असं झालं की आम्ही मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना जोडून टाकतो. दुखणं थांबेल, पाय वजन घेईल. पण गुडघा पुन्हा कधीच वाकणार नाही."

काकू रडायला लागल्या. आप्पांनी एवढंच विचारलं, "आमटीची बादली घिऊन चालता यील का?"

"येईल. पण मांडी घालून बसता येणार नाही."

"मग बसतंय कोण! करा वेल्डिंग."

कारण आप्पा म्हणजे गावचे वाढपी. कुणाचंही लग्न असो, आमटी त्यांच्याच हातची. हाडं जुळून आल्यावर ते पुन्हा पंगतीत उतरले. एक पाय अर्धगोल फिरवत, बादली न हिंदकळवता. "आवं पावणं, लाजताय काय? घ्या की! वेल्डिंग पक्कं हाय, सांडत न्हाई."

माझ्या बहिणीच्या लग्नात शेवटी वाढपी जेवायला बसले. आप्पांना हाक मारली तर म्हणाले, "तुमी बसा रं. चव बघून बघूनच माझं पोट भरलंय."

मी पाणी आणायला मांडवामागं गेलो. आप्पा खांबाला टेकून उभ्याउभ्या भात खात होते. नजर पंगतीवर. मला बघून हसले. "हितनं समदी पंगत दिसती, गड्या."

आता मी साताऱ्यात नोकरीला आहे. फोनवर आप्पा मला बोलूच देत नाहीत, म्हणून गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप आप्पा, शि. सा. न.

माझं लग्न मेढ्याला ठरलंय. आमटी तुम्हीच वाढायची. पण शेवटची पंगत टेबलावर असेल, तसं मुलीकडच्यांना सांगितलंय. तुमच्यासमोर एक जादा खुर्ची ठेवतो, पायासाठी. सगळे वाढपी तुमच्या शेजारी बसतील.

तेव्हा मात्र तुम्ही उठायचं नाही. बादली माझ्या हातात असेल.

तुमचा,
संजू"