सात नंबरचा ओला शर्ट

आमच्या मजल्यावर भारताच्या महिला फुटबॉल संघाचा निकाल वासावरून कळतो. राणेबाईंच्या दारातून लसणाच्या फोडणीचा वास आला तर मुली जिंकल्या. बरोबरी झाली तर नुसती मोहरी-जिरं. आणि कसलाच वास आला नाही, तर हरल्या. त्या दिवशी बाई बिनफोडणीचं वरण खातात, तेही ओट्याशी उभं राहून. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या या बिल्डिंगमध्ये मला अकरा वर्षं झाली, आणि खरं सांगते, बिनफोडणीचे दिवसच जास्त गेले.

समोरच्या जिग्नाबेनना आधी वाटायचं की बाईंचा कसला तरी उपास असतो. त्या बिचाऱ्या श्रद्धेने विचारायच्या, "आंटी, आज कौनसा व्रत?" बाई तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "डिफेन्स का."

मला स्वतःला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण शेजार भिंतीला भिंत लागून, त्यामुळे बरंच काही आपोआप डोक्यात गेलंय. मुली कुठल्या स्पर्धेला गेल्या, कुठे थोडक्यात राहिल्या, कुठे हातातली मॅच घालवून आल्या, हे सगळं बाई सत्यनारायणाच्या पोथीसारखं अध्यायाअध्यायाने सांगतात. मधेच उठलं तर दोष लागेल अशा नजरेने बघतात. एकदा मी वैतागून विचारलंच, की एवढं हरतात तर पाठ कशाला करायचं? बाई म्हणाल्या, "स्मिता, हरलेलंपण लिहावं लागतं गं. नाही लिहिलं, तर खेळलोच नाही असं होतं."

या बाईंचा एक ठरलेला शब्द आहे, रेकॉर्ड. मेथी शिळी निघाली की भाजीवाल्याला ऐकवतात, "भैया, कल की मेथी है, रेकॉर्ड पे लो." सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी धुतली नाही हे रेकॉर्डवर, गच्चीची किल्ली हरवली हे रेकॉर्डवर. आमचे सेक्रेटरी त्यांना बघून लिफ्ट सोडतात आणि पाच मजले जिन्याने चढतात. पासष्टी उलटलेली, सरकारी खात्यातून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेली, लग्न न केलेली ही चिपळूणची बाई इतक्या लोकांना घाम फोडते, हे मात्र मानलं पाहिजे.

आणखी एक विक्षिप्तपणा म्हणजे त्या भाईंदर वेस्टला जात नाहीत. मेल्या तरी नाही. सख्ख्या भाचीचा साखरपुडा तिथल्या हॉलमध्ये होता, तर पातळ आणि ओटीचा नारळ माझ्या हाती पाठवला आणि स्वतः घरी बसल्या. का, ते मला फार उशिरा कळलं, आणि त्यालाही कारण बाईंनी स्वतः मारलेला एक गोलच.

तो गोल मी किमान पन्नास वेळा ऐकलाय. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींच्या फुटबॉलला तेव्हा कोणी वाली नव्हता. संघ भारताचा, पण शर्ट मोजून अकरा. बदली खेळाडू मैदानात जायची ती बाहेर आलेल्या मुलीचा शर्ट चढवून. परदेशातला एक संघ आला होता. देशाचं नाव बाई दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी विसरते. मालन नावाची मुलगी सात नंबर घालून खेळत होती, तिचा पाय मुरगळला. दोघींनी चादर धरली, चादरीआड मालनने शर्ट काढला आणि राणेबाईंनी तो तसाच ओलाचिंब अंगात घातला. पाच मिनिटांत त्यांनी डाव्या पायाने गोल मारला. मॅच हरल्याच, पण तो एक गोल आपला.

झालं असं, की टेबलावर लिहायला बसलेल्याला खेळाडू बदलली हे कोणी सांगितलंच नाही. त्याने शर्टाचा नंबर बघितला आणि गोलापुढे मालनचं नाव टाकलं. पेपरात तेच आलं. मालनच्या गावात तिचा सत्कार झाला, आणि हारतुरे गळ्यात पडत असताना मालन गप्प बसली. राणेबाईंची देशासाठी ती पहिलीच मॅच, आणि त्यानंतर त्या कधी खेळल्या नाहीत. म्हणजे त्यांच्या देशाच्या रेकॉर्डमध्ये त्या नाहीतच. मालनशी त्या दिवसापासून अबोला. आणि मालनचं सासर होतं मोरव्यात, भाईंदर वेस्टला. आमच्या घरापासून रिक्षाने अर्धा तास.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. जुन्या काळातल्या महिला सामन्यांची नोंद ती जुळवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मालनबाईंनी दोन ओळी लिहून सही दिली तर गोल तुमच्या नावावर करता येईल. तीन दिवस बाई धड जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः ते पत्र टाइप केलं, तीनदा फाडून, आणि मला म्हणाल्या, "रविवारी येशील का माझ्याबरोबर?" एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मी नाही कशी म्हणणार?

रिक्षात त्या इस्त्रीच्या साडीत ताठ बसून होत्या, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर. मला आपली धास्ती, की या दोघी म्हाताऱ्या जुंपतील आणि मधल्यामध्ये माझी फजिती.

कसलं काय. मालनच्या सुनेने पाणी दिलं आणि आधीच सांगून टाकलं, "आईला आता कायच आठवत न्हाय. मलापन विचारते, तू कोनाची." दाराजवळच्या खाटेवर मालन बसली होती. हडकुळी, केस कापलेले, नजर अंगणात. राणेबाईंकडे तिने बघितलं आणि परत अंगणाकडे बघायला लागली. चाळीस वर्षं जपलेला राग, आणि तो काढायला समोर कोणी उरलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सुनेला आमची दया आली असावी. म्हणाली, "गोल मात्र आठवते हां तिला." आणि मालनच्या कानाशी वाकून जोरात विचारलं, "आई, गोल कसा मारला?"

मालन सावरून बसली. डोळ्यांत एकदम जान आली. "कोपऱ्यावरनं बॉल आला. मी डावा पाय घातला. त्यांची कीपर पडली हिकडं, बॉल गेला तिकडं." ती हाताने दाखवत होती. सगळं तंतोतंत राणेबाईंचंच. चादर गुंडाळून बाहेर बसल्या बसल्या जे बघितलं होतं, ते आता तिचं झालं होतं.

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता फोल्डर उघडणार. त्यांनी हळूच विचारलं, "मग?"

"मग काय, नली आली ना. पाय मुरगळलेला तिचा, तरी लंगडत लंगडत सगळ्यांच्या आधी आली. अंगावर चादर. माझ्या गळ्यात पडून रडली." मालन थांबली आणि बाईंना निरखून बघायला लागली. "तू कोन?"

नली म्हणजे नलिनी राणे. समोरच बसलेली.

"मी मॅच बघायला आले होते," राणेबाई म्हणाल्या.

"मंग बघितलास ना माजा गोल?"

"बघितला. तुझाच होता."

सून म्हणाली, काय कागदबिगद असेल तर सांगा, मी हात धरून सही करून घेते. बाईंनी फोल्डर पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, कागद नाही, भेटायलाच आलो होतो.

परतताना रिक्षात त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लंगडत आली होती ती मालन गं. चादर गुंडाळून, सुजलेल्या पायाने मैदानात घुसली. पंच ओरडला तिच्यावर. माझ्या गळ्यात पडून रडली ती. एवढ्या वेळा मी गोल सांगितला, पण हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिच्यावर रागावता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी त्या मुलीला फोन केला. सात नंबरचा गोल मालनचाच, तुमची नोंद बरोबर आहे, असं सांगितलं. तिकडून तिने विचारलं असावं, मग तुम्ही त्या मॅचमध्ये होतात का? बाई म्हणाल्या, "नव्हते." मला असा राग आला. मी बोललेच, की अकरा वर्षं आमचे कान किटवलेत आणि आता एका वाक्यात सगळं पुसून टाकलंत? बाईंनी फोन टेबलावर ठेवला. "तिच्याजवळ एवढंच उरलंय गं," म्हणाल्या. तुमच्याजवळ काय उरलंय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या तोपर्यंत चहा टाकायला आत गेल्या होत्या, आणि चहा टाकायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

आता दर रविवारी राणेबाई मोरव्याला जातात. मीही दोनतीनदा गेले. सून गोल विचारते, मालन सांगते, बाई "मग?" म्हणतात. सगळं सांगून झालं की मालन दाराकडे बघत राहते आणि थोड्या वेळाने विचारते, "नली न्हाय आली का आज?"

"निघालीय," राणेबाई तिचा हात हातात घेऊन सांगतात, "बसमध्ये आहे."