शेवटून दुसरा

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा आजार आहे. (वासंतीच्या मते हा आजार नसून खोड आहे आणि ती माझ्या घराण्यातूनच आली आहे.) टीव्ही बघताना माझा गुडघा हलतो, गुडघ्याने सोफा हलतो आणि सोफ्याने वासंतीचा चहा हिंदकळतो. शेवटी तिने मला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरकडे पिटाळलं. त्याने तपासण्याआधीच विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आता मला कळत असतं, तर मी त्याच्याकडे कशाला झक मारायला गेलो असतो? गडबडून म्हणालो, "पळावंसं वाटतं." मला त्याच्या खोलीतून म्हणायचं होतं. पण तो खूश झाला, म्हणाला, "उत्तम! पळा."

त्याच संध्याकाळी बूट घेतले. वय वर्षं एकोणसाठ.

पहिली धाव आपल्या मराठी मंडळाची, लायडस्खेनडाम-फोरबर्गला. तिथे मी शेवटचा आलो. माझ्याआधी बाबागाडी ढकलणारी एक आई आली. म्हणजे तिचं बाळही माझ्याआधी आलं, तेही झोपेत. मंडळातल्या राजनने ग्रुपवर फोटो टाकला : पुढे मी, मागे मंडप सोडणारे दोघे. खाली लिहिलं, "ज्याचा शेवट गोड, ते सगळंच गोड." लोक हसून हसून पडले. वासंतीनेही त्याखाली लाइकचा अंगठा दिला. स्वतःच्या नवऱ्याला!

मी चिडलो. "हार्लेमला आपल्या घराजवळ दर शनिवारी पाच किलोमीटरची धाव असते. तिथे शेवटचा आलो, तर नाव सांगणार नाही जयप्रकाश!"

"नाव नको बदलूस. शेवटचा आलास, तर बूट माळ्यावर टाक आणि दर शनिवारी माझ्याबरोबर प्राणायामाला बस," वासंती म्हणाली. "तासभर. न हलता."

न हलता तासभर! माझा गुडघा आत्ताच हलायला लागला. पण आता माघार कशी घेणार? "कबूल," म्हणालो.

शनिवारी बागेत निळ्या जाकिटातल्या बाई डचमध्ये सूचना देत होत्या. स्लोटरडाइकच्या ऑफिसात अठरा वर्षं डच न कळता मीटिंगमध्ये मान डोलवलेला माणूस मी. इथेही योग्य ठिकाणी डोलवली. माझ्या सोळा वर्षांच्या अवनीने विचारलं, "बाबा, डिड यू गेट दॅट?" मी म्हणालो, "ऑफ कोर्स."

धाव सुटली आणि सगळे दिसेनासे झाले. पहिल्या वळणापर्यंतच मला धाप लागली. हाय रे दैवा, म्हणत मागे पाहिलं, आणि काय सांगू! मागे एक आजीबाई होत्या. पांढरे केस, पिवळं जाकीट, सत्तरीच्या तरी असतील. मला त्या साक्षात देवीसारख्या वाटल्या.

आता फक्त त्यांना पुढे जाऊ द्यायचं नव्हतं. मी वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. मी दमून चालायला लागलो, तर त्याही चालायला लागल्या. बुटाची नाडी बांधायला थांबलो, तर त्या झाडं बघत थांबल्या. (बाई पक्की मुरलेली! शेवटच्या शंभर पावलांत गाठायचा डाव होता, हे मी ओळखलं.) दर दोन मिनिटांनी मागे बघून बघून माझी मान आखडली.

"तुम्ही ठीक आहात ना?" मी इंग्रजीत, आडून अंदाज घेतला.

"मस्त! तुमच्या सोयीने घ्या," त्या हसून म्हणाल्या. त्यांचं नाव हानेके.

इथे मी चूक केली. वासंतीने खिशात राजगिऱ्याची चिक्की दिली होती, आणि कुणी शेजारी असताना एकट्याने खायचं आपल्या हातून होत नाही. अर्धी त्यांना दिली. त्यांनी चवीने खाल्ली, "घरी केलीत?" असंही विचारलं. झालं! माझं मन मला खायला लागलं. हिच्याबरोबर चिक्की वाटून खाल्ली आणि हिलाच शेवटची पाडायची? हिच्या घरीही कुणी अंगठा देणारं असेल!

शेवटची रेषा दिसली. पलीकडे वासंती आणि अवनी उभ्या होत्या. रेषेच्या अलीकडे एक पाऊल मी थांबलो. डोळ्यांसमोर प्राणायामाची चटई तरळली. तरीही हात पुढे करून म्हणालो, "आधी तुम्ही."

"नाही नाही, आधी तुम्ही," हानेकेबाई म्हणाल्या.

"छे! तुम्ही वडीलधाऱ्या."

"मला नाही जाता येत!"

"संकोच करू नका हो!" आता मी पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा पेटलो. त्यांचा दंड धरून पुढे ओढू लागलो. त्या पाय रोवून मागे. लोक कॉफीचे पेले हातात धरून बघत राहिले. घड्याळवाला घड्याळ धरून ताटकळला.

"बाबा, स्टॉप इट!" अवनी किंचाळली. "शेवटचं येणं हे तिचं काम आहे! ती व्हॉलंटियर आहे! सूचनेत सांगितलं ना, कुणी मागे एकटं राहू नये म्हणून!"

मी हात सोडला. हानेकेबाई वळून जाकीट झटकू लागल्या, तेव्हा पाठीवरची ठसठशीत इंग्रजी अक्षरं दिसली : शेवटचा धावक. पाच किलोमीटर त्या माझ्या मागेच होत्या. पाठ दिसणार कशी? मी मुकाट्याने रेषा ओलांडली.

"पण नियमाने शेवटच्या त्याच," मी वासंतीला म्हणालो.

"शेवटच्या पंगतीला वाढपी बसतात. त्यांना कुणी पाहुण्यांत मोजतं का?" ती म्हणाली. "येत्या शनिवारी सात वाजता चटई."

माझा चेहरा बघून हानेकेबाईंना दया आली असावी. म्हणाल्या, "आम्हाला या कामाला माणूस हवाच आहे. इतक्या आपुलकीने मागे राहणारा मी पाहिला नाही." मी उडालोच! कामावर असताना शेवटचं येणं मोजत नाहीत, हे खुद्द वासंतीनेच म्हटलं होतं. तिलाही हसू आवरेना, चटई टळली.

पुढच्या शनिवारी पिवळं जाकीट घालून मी ताठ मानेने सगळ्यांच्या मागून निघालो. आयुष्यात प्रथमच कुणाला गाठायचं नव्हतं. अर्ध्या वाटेवर सवयीने मागे पाहिलं. हानेकेबाई येत होत्या.

"तुम्ही इथे कशा?" मी म्हणालो. "आज शेवटचा मी आहे ना?"

"हो हो," त्या धीर देत म्हणाल्या. "पण तुमच्या मागेही कुणीतरी हवंच, असं कमिटीत ठरलं."