मांडी म्हणजे सीट नव्हे

एसटीत बसले की दाजी आधी पंच्याने स्वतःला सीटच्या नळीला बांधून घ्यायचे. येवल्याला जायचं असो की नुसतं पंचवटीपर्यंत, कमरेभोवती पंचा आणि वर दोन गाठी. लोक हसायचे. दाजी खिडकीबाहेर बघत बसायचे.

शेजारी कुणी बाई मूल कडेवर घेऊन उभी राहिली की जागा द्यायला दाजी गाठी सोडायला लागायचे. त्या सुटेपर्यंत तिचा स्टॉप यायचा. एकदा परक्या बाळाचं त्यांनी अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "काका, एवढ्याला तिकीट लागत नाही."

"त्याला नाही, त्याच्या जागेला द्या. मांडी म्हणजे सीट नव्हे."

हे शेवटचं वाक्य त्यांचं कायमचं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे.

दोन हजार तीनच्या थंडीत त्यांची मुलगी सुनंदा अमेरिकेहून आली. सोबत दीड वर्षाची ईशा आणि ईशाला गाडीत बसवायची पट्ट्यांची खुर्ची. येताना खुर्ची सामानात टाकली होती आणि ईशा आईच्या मांडीवर होती. हे ऐकून दाजी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उलटी केली. बुडाशी लाल अक्षरं सापडली. डिक्शनरी घेऊन अर्थ लावला: ही विमानातही चालते. मग दूधवाल्यापासून सगळ्यांना ती अक्षरं दाखवून झाली. तिकिटं काढणाऱ्याकडे जाऊन परतीच्या विमानात ईशासाठी वेगळी जागा मागितली, तीही खिडकीचीच. तो म्हणाला, बाळाला बाहेरचं काय कळणार? दाजी म्हणाले, खुर्ची मध्ये आली तर आतल्यांनी बाहेर कसं पडायचं? त्याने पेन खाली ठेवलं.

सुनंदा समजावत होती, की दोन वर्षांपर्यंत सगळे मांडीवरच नेतात. दाजींचं उत्तर ठरलेलं. ते ऐकलं की ताई आत निघून जायची.

मग सराव. पंचवटीच्या बाजारात दाजींनी ईशाला भाजीच्या काट्यावर बसवलं आणि तिच्या वजनाचा लाल भोपळा मागितला. भाजीवाली म्हणाली, "भोपळा फुकट न्या बाबा, पोरगी ठेवून जा." तो भोपळा खुर्चीत बांधून माझ्या व्हॅनमध्ये मागे ठेवला. विमानात पट्टा फक्त कमरेचा असतो, म्हणून तेवढाच वापरायचा. खुर्चीवर गुडघा दाबायचा आणि पट्टा ओढायचा. मी गंगापूर रोडला मुद्दाम करकचून ब्रेक मारायचो. भोपळा हलला की पुन्हा पहिल्यापासून. सुनंदाला ते न बघता जमायला लागलं, तेव्हा भोपळा सुटला. मग आम्ही आठवडाभर भरीत आणि घारगे खाल्ले.

गल्ली हसत होती. मला हसू येत नव्हतं.

त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी आम्ही सुरगाण्याहून लग्न आटोपून जीपने येत होतो. पुढे ड्रायव्हर, दाजी, मी आणि आमच्या मध्ये दाजींचा मुलगा विनू. दोन वर्षांचा, स्वतःच्या जागेवर ऐटीत बसलेला. वाटेत एका म्हातारबाबांना घ्यायचं ठरलं, म्हणून विनूला दाजींच्या मांडीवर दिलं. पुढे वळणावर गाय आडवी आली.

दवाखान्यात दाजी एकच सांगत होते, "मी घट्ट धरलं होतं." दोन्ही हात पुढे करून दाखवत होते, कसं धरलं होतं ते. त्यानंतर विनूचं नाव घरात कुणी घेतलं नाही.

सुनंदाला मुंबईला विमानतळावर मीच सोडलं. दाजी दारापर्यंत खुर्ची डोक्यावर घेऊन आले. आत सोडत नव्हते, तरी काचेला नाक लावून उभे राहिले.

दोन दिवसांनी फोन आला. दाजींनी रिसीव्हर माझ्याही कानाजवळ धरला. सुनंदा सांगत होती, "मध्ये विमान असं आपटलं बाबा, माझा चहा सगळा अंगावर. ईशा जागची हलली नाही. झोपलेलीच."

दाजींनी फोन ठेवला. खांद्यावरच्या पंच्याशी चाळा करत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुधीर, आपला विनूही तेवढाच होता ना रे? त्या भोपळ्याएवढा?"

मी मान हलवली. मला वजन माहीत होतं. जागेवरून उचलून त्यांच्या मांडीवर त्याला मीच ठेवलं होतं.