आठवी 'ड'चा मॉनिटर

आमच्या आठवी 'ड'चा मॉनिटर दिवाकर गजभिये गेल्या हिवाळ्यात वारला. वय बासष्ट. पदावर असतानाच गेला.

तुम्ही म्हणाल, आठवीचा मॉनिटर नववीत सुटतो. आम्हीही तसंच समजत होतो. आठवी सुटली, नागपूरच्या महाल भागातली ती शाळा सुटली, आम्हाला मिशा आल्या आणि पिकल्याही, पण दिवाकर काही पद सोडेना. कोणी टोकलं की शांतपणे विचारायचा, "मले कोणी काढलं काय? सरांनी काढलं? नाही ना. मंग?" आमच्या वर्गातून दोन वकील निघाले, पण याचं उत्तर त्यांनाही सापडलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आलं तेव्हा तर त्याचं राज्यच आलं. रोज सकाळी सातला ग्रुपवर त्याचा एकच शब्द पडे, "हजेरी." त्याखाली सगळ्यांनी "हजर" लिहायचं. फुलं, सुविचार, उगवता सूर्य चालत नसे. "फूल पाठवलं म्हणजे तू हायेस हे कसं समजावं? फूल तर कोणीबी पाठवते." दुपारपर्यंत ज्याचं "हजर" आलं नाही, त्याला फोन जायचा. मुरलीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या मुलीनं फोन त्याच्या कानाला लावला आणि मुरली डोळे मिटूनच "हजर" म्हणाला. डॉक्टरांना वाटलं, भूल अजून उतरली नाही.

या सगळ्याचं मूळ आमच्या रामटेकच्या सहलीत आहे. निघताना सर त्याला म्हणाले होते, "दिवाकर, जेवढे नेतो तेवढे परत आले पाहिजेत. आणि सगळे जेवल्यावरच मॉनिटरनं जेवायचं." सर बोलून विसरले. दिवाकर विसरला नाही. गडावर एका माकडानं माझा डबा पळवला, मी माकडामागे पळालो आणि वाट चुकलो. खाली बस निघाली, तर हा बससमोर रस्त्यात मांडी घालून बसला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, सरांनी कान पिळला, तरी उठेना. मी रडत रडत खाली पोचलो तेव्हाच उठला. आधी मला एक शिवी दिली, मग स्वतःचा डबा उघडला. तोवर त्यानं एक घास खाल्ला नव्हता. भाकरी आणि ठेचा आम्ही दोघांनी मिळून संपवला. आयुष्यात त्याचा डबा माझ्या वाट्याला आला तो तेवढा एकदाच.

हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यानं अख्ख्या वर्गाला डबे पुरवले.

नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, वर्ग देशभर पांगला. पण दिल्लीहून चेन्नईला जा, नाहीतर मुंबईहून हावड्याला जा, मधे नागपूर लागतंच. आणि नागपूर लागलं की प्लॅटफॉर्मवर दिवाकर. तिकीट काढलं की मॉनिटरला कळवायचं, असा नियमच होता. त्याला गाडी चालवता येत नसे. त्यामुळे मी धरमपेठेतून त्याच्या घरी हुडकेश्वरला जायचं, त्याला स्कूटरवर घ्यायचं आणि मग स्टेशन गाठायचं, असा द्राविडी प्राणायाम मी वर्षानुवर्षं केला. मागे तो, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सांबारवडी (म्हणजे तुमची कोथिंबीरवडी), भाकरी, झुणका, कधी पातोडीचा रस्सा. "खड्डा पाहून चाल गा, तर्री सांडते." ती सांडायची, आणि नेमकी माझ्या शर्टावर सांडायची.

गाडी थांबायची जेमतेम चार-पाच मिनिटं. तेवढ्यात डबा देणं, तब्येत विचारणं आणि रागावणं एवढं सगळं उरकायचं असे. आमची कुंदा मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिला पाहून शिक्षकसुद्धा उभे राहत. तिला हा खाली प्लॅटफॉर्मवरून दम द्यायचा, "कुंदे, वजन घटलं वं तुझं. टाइमावर जेवत नाहीस काय?" आणि कुंदा दारात उभी राहून खाली मान घालायची, "जेवते रे."

मी हे बघतच राहायचो. मे महिन्यात गाडी तीन तास लेट, डांबर बुटाला चिकटतंय, आणि हा डोक्याला दुपट्टा बांधून उभा. सिंचन खात्यात साधी कारकुनी केलेला माणूस. लग्न केलं नाही, आई गेल्यावर घरात एकटाच. हल्ली सख्खा भाऊ स्टेशनवर येत नाही, जेवण मोबाइलवरून मागव म्हणतो. मला तर माझ्या घरातल्या तिघांची काळजी नीट करता येत नाही. याला एवढ्या सगळ्यांची कशी जमत असेल, हे मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगतो, त्याच्यापुढे मला फार लहान वाटायचं.

तरी माझी एक तक्रार होतीच. "मले काहून नाही देत बे डबा?"

"तू तर इथंच हायेस. तू कुठं जाऊन राहिला?"

गाडी सुटली की तो मला पिटाळायचा. "तू जाय, मी येतो ऑटोनं." मीही लगेच निघायचो. एकदा कुंदाची चेन्नईकडची गाडी गेल्यावर मी पार्किंगमध्ये पोचलो आणि आठवलं, घराची किल्ली त्याच्या पिशवीत राहिली. परत आलो. प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर दिवाकर बसला होता. मांडीवर डबा. कुंदाला दिला तसलाच, दुसरा. झाकण अजून लावलेलंच होतं.

"हे काय बे?"

कॉपी करताना धरल्यासारखा तो दचकला. मग म्हणाला, "आधी पोरं, मंग मॉनिटर. सरांनीच सांगतलं होतं."

"मग खात काहून नाही?"

"थांब ना. अजनी टेशन गेलं आता. बुटीबोरी आली का कुंदा डबा उघडते. मी बी तवाच उघडतो." मग रुळांकडे पाहत म्हणाला, "सोबत जेवण होते गा."

मी बाजूला बसलो. पुढचं त्यानं सहज सांगितलं, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. "माय गेल्यापासून एकट्यासाठी रांधावं वाटत नाही. कोणाची गाडी असली का रांधतो."

"आणि एरवी?"

"एरवी मेस हाये ना." त्यानं घड्याळ पाहिलं, झाकण उघडलं आणि एक सांबारवडी माझ्या हातावर ठेवली. "एवढीच हं."



गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सात वाजून गेले आणि ग्रुपवर "हजेरी" पडली नाही. मग मुरलीनं आपणहून लिहिलं, "हजर." त्याखाली कुंदानं लिहिलं. हैदराबादहून, कलकत्त्याहून, कॅनडातून एकेक "हजर" पडत गेलं. कोणी विचारलंच नव्हतं. मी तोवर स्कूटर काढली होती. हुडकेश्वरला पोचलो तेव्हा शेजारचे लोक त्याचं दार उघडत होते. तो झोपेतच गेला होता.

उन्हाळा लागता लागता कुंदानं ग्रुपवर लिहिलं की रविवारी मुलीकडे चेन्नईला निघतेय. एवढंच. ज्याला कळवायचं तो नव्हता, पण नियम तिच्या अंगवळणी पडला होता. मी उठलो आणि बाजारातून सांबाराची जुडी घेऊन आलो. वड्या तळताना फुटल्या, म्हणून झुणक्यावर आलो. बायको बाजूला उभी राहून बघत होती.

"काहो, हा झुणका हाये का सिमेंट?" मग ती म्हणाली, "आणि हा दुसरा डबा कोणाले?"

"मले," मी म्हणालो. तिनं दोन्ही डब्यांत भाकऱ्या घातल्या.

गाडी आली. कुंदा दारात उभी होती. कोणी येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी उभी होती. तिनं मला पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

"वजन घटलं वं तुझं," मी म्हणालो.

"जेवते रे," ती म्हणाली आणि डबा दोन्ही हातांनी धरून रडली. तेवढ्यात गाडी हललीच.

मी टोकाच्या बाकावर जाऊन बसलो. अजनी गेली. मांडीवरचा डबा मी उघडला नाही. फोन वाजला.

"बुटीबोरी आली," कुंदा म्हणाली. "डबा उघडला. झुणक्यात मीठच नाही टाकलं काय रे?"

"थांब." मी झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, घास घेतला. खरंच नव्हतं.

"नाही टाकलं," मी म्हणालो. "खाय मुकाट्यानं."

फोन तसाच चालू ठेवून आम्ही दोघं जेवत राहिलो.