दोरीचं दुसरं टोक

टोंगाच्या राजधानीत सात वर्षांची लुसेआने बारावीला पहिली आली, आणि त्याच दिवशी तिचं दुसरीतलं नाव कमी करण्यात आलं. नियम सरळ होता : बारावी झालेल्या व्यक्तीनं दुसरीत बसणं म्हणजे सरकारी बाकाचा गैरवापर.

त्या बाकावर शेजारी तिची मैत्रीण वाई बसायची. मधल्या सुट्टीत दोरीचं एक टोक झाडाला बांधून, दुसरं आळीपाळीनं धरून दोघी दोरीवरच्या उड्या मारायच्या. दोरी वर जायची, आभाळ खाली यायचं.

"मग दोरीचं दुसरं टोक कोण धरणार?" लुसेआनेनं विचारलं. बारावीच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

बक्षीस समारंभात तिच्या गळ्यात गोळ्या-चॉकलेटांचे इतके हार पडले, की नुसते डोळे दिसत होते. मग रिवाजाप्रमाणे ते सगळे उतरवून थोरल्या आत्याच्या, कालोलाइनेच्या गळ्यात घातले गेले. घरात पहिला घास आत्याचा आणि शेवटचा शब्दही आत्याचाच.

"पोरगी दमलीय गं ताई," लुसेआनेचा बाप मनासे चाचरत म्हणाला. "एखादं वर्ष खेळू दे की."

"खेळायला अख्खं म्हातारपण पडलंय," आत्यानं चॉकलेट सोललं. "विद्यापीठात घाल."

भावानं मान खाली घातली. बहिणीपुढे ती वर करायची टोंगात पद्धत नाही.

विद्यापीठात खुर्चीवर उशी आणि उशीवर लुसेआने. नवव्या वर्षी ती पदवीधर झाली. शिक्षक सगळे न्यूझीलंडला गेलेले, तेव्हा शिक्षण खात्यानं तिला तिच्याच शाळेत, चौथीवर बाई म्हणून नेमलं. चौथीत वाई होती. लुसेआने पहिल्याच सुट्टीत दोरी घेऊन धावली.

"वाई, येतेस?"

वाई ताडकन उठून उभी राहिली. "नको, बाई."

वर्ष सरता सरता दुसऱ्या बेटावर कुणी पाच वर्षांचा बारावी झाला. खात्यानं लुसेआनेला 'ज्येष्ठ' ठरवून सन्मानानं निवृत्त केलं. निरोपाला भेट मिळालेली विणलेली चटई आत्यानं नेली. आता वेळच वेळ होता. टोक धरायला मात्र कोणी नव्हतं.

अशात तिच्या मोठ्या भावाला, फोलाऊला मुलगा झाला, आणि लुसेआने एका रात्रीत आत्या झाली. जमिनीतल्या खड्ड्यात डुक्कर भाजलं गेलं, गोतावळा जमला, बाळ तिच्या मांडीवर आलं.

"आत्याबाई," फोलाऊ अदबीनं म्हणाला, "याला आधी काय शिकवू? पाढे की स्तोत्रं?"

कालोलाइनेनं तोंड उघडलं आणि मिटलं. या बाळापुरता शब्द लुसेआनेचा होता.

"दोरीवरच्या उड्या," लुसेआने म्हणाली. "दुसरं काही नाही."

मनासेनं हळूच डोळे पुसले. बाकीच्या मंडळींच्या डोक्यात मात्र एकदम उजेड पडला. "म्हणजे हिच्या हुशारीचं गुपित हे होतं तर!"

पुढच्याच आठवड्यात कालोलाइने आत्यांचा उड्यांचा क्लास सुरू झाला. गणवेश, गृहपाठ, दर शनिवारी परीक्षा. दोरी फिरवायला मोटर बसवली आहे, त्यामुळे दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. परीक्षक लुसेआने, तीच उशी घेऊन. काल वाई नापास झाली. उडी मारताना हसली.

पहिली तुकडी भरली आहे, दुसरीत थोड्या जागा आहेत. तुम्ही हसताय खरं, पण तुमचं मूल केवढं आहे?

तीन पूर्ण? अरेरे. जरा उशीरच केलात.