आम्ही मालिसला कसं घडवलं

प्रतिभा ही निसर्गाची देणगी असली, तरी निसर्गाला चित्रपटधंद्याची काडीचीही माहिती नसते, हे सत्य फार थोड्यांच्या लक्षात येतं. निसर्ग ती कुणाच्याही पदरात टाकून मोकळा होतो. त्या माणसाला चार लोकांत बसता येतं का, तो सकाळच्या बैठकीला वेळेवर येईल का, कसलीच चौकशी नाही. पुढचं सगळं निर्मात्याला निस्तरावं लागतं. लॉस एंजलिसमध्ये हे काम मी तीस वर्षं करत आलो आहे आणि त्याबद्दल मी कधी तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. (मुलाखती सोडून.)

गेल्या महिन्यात 'नव्या प्रतिभेचा आधारवड' म्हणून माझा सत्कार झाला. समारंभ आमच्याच कंपनीचा होता, पण टाळ्या बाहेरच्यांच्या होत्या. तिथे एका तरुणाने मला विचारलं की प्रतिभा जोपासायची म्हणजे नेमकं काय करायचं. उदाहरणादाखल मी त्याला मालिसची हकिकत सांगितली. ती ऐकून तो धंदा सोडून ओहायोला आईवडिलांकडे परत गेला, असं कळतं. प्रत्येकाला ऐकलेलं झेपतंच असं नाही.

आमच्या कंपनीची एक अंकुर योजना आहे. दरवर्षी एका होतकरू लेखक-दिग्दर्शकाला आम्ही दत्तक घेतो. त्याला एक टेबल मिळतं, कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली मिळते आणि दर महिन्याला माझ्याबरोबर एक न्याहारी मिळते. न्याहारी बहुधा पुढच्या महिन्यावर जाते. योजनेतून बाहेर पडलेल्यांपैकी एकाहत्तर टक्के लोक आजही चित्रपटसृष्टीच्या आसपास आहेत. (यात स्टुडिओच्या फाटकासमोर राहणारे धरले आहेत.)

मालिस तेप ही अशीच एका वर्षीची अंकुर. तिच्या आईचं रेसीडा भागात डोनटचं दुकान होतं, एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणाऱ्या बाया. या शहरातली अर्धीअधिक डोनटची दुकानं कंबोडियातून आलेल्या कुटुंबांची आहेत. आम्ही सगळे रोज सकाळी त्यांच्या डोनटचा गुलाबी खोका काखोटीला मारून कामावर जातो आणि त्याबाबत कधी काही विचार करत नाही.

मालिसची पटकथा साधी होती. दुकानाचा शेवटचा दिवस. आई पहाटे पीठ मळते, तळते, साखरेत घोळवते, आणि ते करता करता लेकीला आयुष्यात पहिल्यांदाच सांगते की लहानपणी कंबोडियातल्या कत्तलीतून पळताना ती धाकट्या बहिणीला पाठंगुळीला घेऊन जंगलातून सरहद्दीपर्यंत कशी चालत गेली. छावणीत पोचल्यावर लोकांनी बहिणीला पाठीवरून उतरवलं, तेव्हा ती गेलेली होती. बस, एवढंच. नंतर गिऱ्हाइकं येतात.

मला ती वाचून रडू आलं. (वाचली आमच्या कथाप्रमुख क्लॉडिनने. तिने मला गोषवारा सांगितला तेव्हा मी गाडीत होतो, आणि सिग्नल बराच वेळ लाल होता.)

"आईचं काम आईच करणार," मालिस म्हणाली. "आणि खऱ्या दुकानात. पण डग, दुकान नाताळपर्यंतच आहे. मालक ती सगळी रांग पाडून फ्लॅट बांधतोय. आणि आई हे एकदाच बोलेल. पुन्हा बोल म्हटलं तर ती गल्ल्यावर जाऊन बसेल."

"मालिस," मी म्हणालो, "यातलं काहीच बदलायचं नाही. फक्त थोड्या सूचना आहेत."

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुणाला नकार देत नाहीत. नकार दिलेला माणूस उद्या दुसऱ्या दारी जातो, तिथे त्याचं भलं होतं, आणि मग आपल्याला जन्मभर त्याचं अभिनंदन करत बसावं लागतं. त्यापेक्षा सूचना द्याव्यात. सूचना घेतलेला माणूस जागचा हलत नाही. मालिसच्या पटकथेवर आमच्या सूचना मूळ पटकथेहून लांब झाल्या, यावरून आमची तिच्यावर किती माया होती ते दिसून येईल.

पहिली सूचना आईच्या वयाबद्दल होती. प्रेक्षकांना आई साधारण एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत आवडते, त्यानंतर ती आजी तरी असावी किंवा खुनी तरी. दुसरी सूचना डोनटबद्दल होती, कारण पैसा लावणाऱ्यांपैकी एकाने साखर सोडली होती. तिसरी जरा नाजूक होती. ती क्लॉडिनने सांगितली.

"भूतकाळ दुःखाचा आहे ही अडचणच नाही," ती म्हणाली. "पण तो कंबोडियात आहे."

"मग कुठे हवा?" मालिसने विचारलं.

"कुठेही. फक्त प्रेक्षकाला तिकडे जायला लागू नये."

ऑगस्टमध्ये मी स्वतः दुकान पाहायला गेलो. निर्मात्याने जमिनीवर पाय ठेवायला हवेत, असं मी नेहमी सांगतो. मालिसच्या आईने मला खुर्ची पुसून दिली आणि पुढ्यात डोनट ठेवला.

"खा, मिस्टर डग. गरम आहे. तुम्ही फार वाळलात, सिनेमावाले काही खात नाहीत वाटतं." मग तिने डोक्याला हात लावला. "केस बघा. लेक म्हणाली शूटिंग येतंय, म्हणून शेजारच्या बायांकडून कुरळे करून घेतले. त्या म्हणतात दीड महिना टिकतील. टिकतील ना तोवर?"

"मॅडम, आम्ही फार उत्साहात आहोत."

"ते दिसतंयच. पण कधी?"

"फारच उत्साहात आहोत," मी म्हणालो आणि तिचा हात हातात घेतला. हाताला साखर लागली.

नंतर समजलं की केस सरळ झाले की ती परत जाऊन करून घेत असे, नाताळ जवळ येईपर्यंत. कामावरची अशी निष्ठा मी मोठमोठ्या नट्यांत पाहिलेली नाही, आणि हे मी मालिसला दोनदा बोलून दाखवलं.

मग आम्ही प्रेक्षकांची पाहणी केली. बरबँकच्या मॉलमधून काही माणसं गोळा केली, त्यांना सरबत दिलं आणि पटकथा वाचून दाखवली. कोण लक्षात राहिलं, असं विचारल्यावर त्र्याऐंशी टक्के लोकांनी खारीचं नाव घेतलं. (उरलेले सतरा टक्के पार्किंगच्या चिठ्ठीवर शिक्का मारून घ्यायला गेले होते.) आम्ही चकित झालो, कारण पटकथेत खार आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. पुन्हा पाहिलं. खरोखरच होती. दुकानाच्या मागच्या दारी एक खार येते, चुरा खाते आणि जाते. अडीच ओळी.

पुढचं सगळं ओघानेच आलं. खार लोकांना आवडते, म्हणून खार वाढवली. खार वाढल्यावर ती बोलणं भाग होतं. बोलणाऱ्या खारीच्या गोष्टीत माणसं गप्प उभी असलेली बरी दिसत नाहीत, म्हणून माणसं कमी केली. आई शेवटपर्यंत टिकली होती, पण खार तिच्याकडे पाहते त्या प्रसंगात प्रेक्षकांची नजर दुभागत होती. सर्वांनी जड मनाने तिला काढलं. मी स्वतः एक मिनिट कुणाशी बोललो नाही.

आता खारीला काही दुःखच उरलं नव्हतं. दुःख नसलेल्या खारीत जीव गुंतत नाही. आम्ही दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी क्लॉडिनलाच सुचलं.

"दुःख आहे की आपल्याकडे," ती म्हणाली. "आईचं काढलेलं. नुसतं पडून आहे."

अशा रीतीने जंगलाला आग लागली आणि खार आपल्या धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन निघाली. पुढच्या पाहणीत लोक हुंदके देऊन रडले. सरबत देणारा मुलगाही रडला.

मालिस त्या बैठकीला होती.

"ती माझी मावशी आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तर इतकं खरं वाटतं," मी म्हणालो, आणि मला ते मनापासून वाटलं होतं.

यानंतर मालिसला तिच्या पटकथेपासून जपणं हे माझं कर्तव्यच होतं. लेखकाला आपल्या गोष्टीचा लळा लागतो, आणि लळ्यामुळे माणसाला साध्या गोष्टी दिसेनाशा होतात. आम्ही तीन अनुभवी लेखक नेमले. (एकाने पूर्वी उदमांजरावर काम केलेलं होतं.) मालिसचं नाव शेवटच्या आभारात घातलं, विम्याच्या कंपनीच्या वर. कलाविभागाने तिच्या आईकडून दुकानाची जुनी पाटी मागून आणली, पण ती पुरेशी जुनी दिसेना, म्हणून एक आणखी जुनी तयार करून घेतली.

डिसेंबरच्या सुरुवातीला मालिसचा फोन आला.

"डग, एकदाच सरळ सांगा. माझा सिनेमा तुम्ही करणार आहात की नाही?"

"तुझ्याइतकी गुणी मुलगी मी तीस वर्षांत पाहिली नाही."

"हे उत्तर नाही."

"बाळा, आपल्या धंद्यात यालाच उत्तर म्हणतात."

"आईने काल विचारलं, परत केस करू का. मी नको म्हटलं."

तिने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात कुणाचातरी कॅमेरा मागून आणून ती दुकानात उभी राहिली. आमच्या वकिलांनी लगेच तपासून पाहिलं. योजनेच्या करारानुसार पटकथा आमच्या मालकीची होती, पण आई नव्हती. तिला दुकानात उभं राहून बोलायला बंदी करता येत नाही, असं त्यांनी खेदाने कळवलं. एवढा धीर त्या मुलीत आला कुठून, असा प्रश्न कुणालाही पडेल. जो अंकुर सूचनांच्या एवढ्या माऱ्यातून वाचतो, तो कशालाच भीत नाही, आणि सूचना आमच्या होत्या. त्या यशात माझा वाटा आहे, हे मी नम्रपणे नोंदवतो.

मी तो सिनेमा पाहिलेला नाही. क्लॉडिनने पाहिला. तिच्या म्हणण्याप्रमाणे बराच वेळ आईची फक्त पाठ दिसते, आणि हात. केसांवर जाळी. ती पीठ मळत मळतच बोलते, मागे वळून बघतही नाही, आणि बहिणीचं नाव घेते तिथे हात थांबतात. मग दारावरची घंटा वाजते आणि ती विचारते, काय देऊ? क्लॉडिन बाहेर येऊन गाडीत बसून राहिली होती.

"काही सूचना?" मी तिला विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

ती अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं. मी तिला आठवडाभर रजा दिली. दुकान नाताळनंतर पाडलं.

योगायोगाने दोन्ही सिनेमे एकाच शुक्रवारी लागले. आमचा जगभर, मालिसचा ग्लेनडेलच्या एका छोट्या थिएटरात. पहिल्या खेळाला लॉन्ड्रीवाले, नखं रंगवणाऱ्या बाया आणि आईची काही जुनी गिऱ्हाइकं होती. मी फुलं पाठवली.

आता तुमच्याबद्दल. मघापासून तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडता आहात, आणि मालिसची आई तुम्हाला आपल्या घरातलीच वाटू लागली आहे. याचा मला आनंदच आहे. पण त्या शुक्रवारी आमची खार तुमच्याही भाषेत बोलत होती, आणि तुम्ही मुलांना घेऊन आला होतात, शेजाऱ्यांच्या मुलांनाही. धाकटी खार पाठीवरून उतरवली तेव्हा तुम्ही अंधारात डोळे पुसलेत. घरी परतताना मुलाने खारीचं बाहुलं मागितलं आणि तुम्ही ते घेऊन दिलंत.

मालिसचा सिनेमा हल्ली घरबसल्या पाहता येतो. तिने तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवला आहे, तासाभराचा आहे, तिकीट नाही. ही हकिकत वाचून हळहळणाऱ्यांपैकी किती जण तो शोधून पाहतील, याचीही आम्ही पाहणी करून घेतली. आकडा इथे देत नाही. बँकेला मात्र द्यावा लागला, आणि तो पाहताच त्यांनी खारीच्या दुसऱ्या भागाला पैसे मंजूर केले.