रेड्याच्या आतली गाडी

परबकाकांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझं वजन विचारलं म्हणून. लग्न होऊन लालबागच्या चाळीत मी नुकती आले होते. गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर शेजारच्या खोलीतून लुंगीतले एक गृहस्थ बाहेर आले, त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती गो तुझा?" नव्या सुनेला हा प्रश्न! मी इतकी गांगरले की खरा आकडा सांगून बसले. त्यावर ते म्हणाले, "कोरडा की ओला?"

मी घरात गेले आणि धाडकन दार लावलं. सासूबाई हसून हसून दमल्या.

कोरडं आणि ओलं हे काकांच्या आयुष्याचं सार होतं. तरुणपणी ते मिलच्या गोडाऊनमध्ये रुईच्या गाठी तोलत. पावसाळ्यात रुई हवेतलं पाणी पिते आणि गाठ जड होते, म्हणून कुठलंही वजन ऐकलं की ते कोरडं की ओलं हे आधी ठरवायचं, ही त्यांची सवय. संप झाला, मिलचा दरवाजा त्यांच्यासाठी पुन्हा उघडला नाही, पण ही सवय त्यांच्याबरोबर बाहेर आली. पुढे मसाला कुटायच्या डंकावर ते मिरच्या तोलायला राहिले, तिथेही मिरचीला तोच प्रश्न. काट्याला कुणी चुकून बोट लावलेलं त्यांना खपत नसे. त्यापायी बाजारातल्या एका कोळणीशी त्यांचं असं जुंपलं की पुढे कित्येक महिने आमच्या मजल्याला पापलेट महाग पडलं.

पण माझ्या वेळेपर्यंत हे सगळं ज्ञान एकाच गोष्टीला लागलं होतं. चार फुगीर चाकांची, उघडी, परदेशातले शेतकरी ओझी वाहायला वापरतात ती दांडगी गाडी. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना गरगर फिरवतात ना, ती हिची धाकटी बहीण. काकांचा पुतण्या आखातात होता. तो या गाड्यांची चकचकीत माहितीपत्रकं पाठवायचा आणि काका ती गॅलरीत पसरून बसायचे. कंपन्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"हे कोरडाच वजन छापतत. पेट्रोल, तेल, पाणी कोण घालतलो? ह्यांचो बापूस?"

हे वेड निव्वळ हौसेचं नव्हतं. काकांचं गावचं घर ओहोळापलीकडे, तांबड्या चढणीवर. मोटार अलीकडेच थांबते. ओहोळावर पोफळीच्या ओंडक्यांचा साकव, आणि त्यापुढे श्वास फुलवणारा चढ. काकीचे दोन्ही गुडघे गेलेले. संपात चूल पेटती राहावी म्हणून तिने खोलीत खानावळ घातली, गिरणीतल्या गड्यांच्या पंगती वाढल्या, पाण्याचे हंडे जिन्यावरून वर आणले. गुडघे त्यातच संपले. गावच्या गणपतीला ती कित्येक वर्षं गेली नव्हती. चौघांनी खुर्चीतून उचलून न्यायची तयारी दाखवली, तर म्हणाली, "माणसांच्या खांद्यावरसून मी एकदाच जातलंय, आणि तेव्हा माका विचारूची गरज पडाची नाय."

म्हणजे गाडीच हवी. आणि ती साकवाने पेलायला हवी.

साकव किती पेलतो, याचं काकांकडे एकच प्रमाण होतं. त्यांच्या वडिलांचा रेडा त्यावरून जात असे. साकव करकरला, पण टिकला. त्यामुळे रेडा ही हद्द. काकांच्या हिशेबाने रेडा म्हणजे रुईच्या पावणेतीन गाठी. आता गाडी, अधिक पेट्रोल, अधिक काका, अधिक काकी, हे सगळं मिळून रेड्याच्या आत बसायला हवं होतं.

"पण काका, तो रेडा कोरडा धरलात की ओला?" मी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. दोन दिवस विचार करून येऊन म्हणाले, "ओलोच. ओहोळात बसान येय तो."

अडचण अशी की हलक्या गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच एकसंध दांड्यावर. एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी उडते आणि काकीच्या गुडघ्यांत कळ जाते. मोठीची चारी चाकं आपापली खालीवर होतात, पाठीला टेकायला गादीसुद्धा असते, पण ती रेड्याच्या बाहेर जाते. बरं, ती मोठीच त्यांच्या मनात भरलेली. पाठ टेकायची गादी काढून पाहा, पुढची जाळी काढून पाहा, स्वतः एकादशा धरून पाहा, सगळं झालं. किमतीचं पान मात्र ते कधी उघडत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आधी बसूक तर दे."

दर वर्षी श्रावणात काकीचं वजन व्हायचं. तळमजल्यावर तांदळाचं दुकान होतं, तिथे पोती तोलायचा मोठा काटा. काकी एकेका पायरीवर बसत खाली उतरायची, वाटेत प्रत्येक दाराशी चौकशी करायची, आणि दुकानात पोचेपर्यंत अर्धी चाळ मागे जमायची. त्या वर्षी हिवतापाने ती फार आजारली होती. मी तिचा हात धरून होते. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

ती काट्यावर उभी राहिली. शेठने गेल्या वर्षीच्या अंदाजाने लावलेल्यातली लोखंडी वजनं उचलून बाजूला ठेवली, मग आणखी ठेवली. आकडा सांगितला. काकांनी ओठातल्या ओठात बेरीज केली आणि दुकानात अक्षरशः उडी मारली.

"बसली! मोठी गाडी बसली गो! रेड्याच्या आत इली!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकीसुद्धा हसली. काका मात्र मध्येच थांबले. त्यांनी बाजूला काढलेल्या वजनांकडे पाहिलं, मग काकीकडे. गाडी तर तेवढीच होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरताना मी पाहिला आणि टाळ्या वाजवल्याची मला लाज वाटली.

"शेठ," ते म्हणाले, "परत एकदा बघा."

शेठ पुन्हा वजनं लावू लागले. काका काकीला आधार द्यायला म्हणून तिच्या मागे सरकले आणि त्यांनी आपलं पाऊल हळूच काट्याच्या फळीवर टेकवलं. जन्मभर काट्याला कुणाचं बोट लागू न देणारा माणूस! मी पाहिलं. शेठनेही पाहिलं. त्यांनी बाजूला काढलेलं एक वजन परत चढवलं आणि मोठ्याने नवा आकडा सांगितला.

"नाय बसत," काका म्हणाले. "बायको जड आसा माझी."

"मगे! मी काय मेल्यासारखी दिसतंय?" काकी खूश होऊन म्हणाली, आणि जिना चढताना प्रत्येक दाराशी तिने ही बातमी सांगितली.

संध्याकाळी काका आमच्या दारात आले. नाचणीचं पीठ आहे का, विचारायला. मी डबाच दिला. ते जरा घुटमळले.

"मी हलकीच गाडी बघतंय आता," ते म्हणाले. "बसाक वायच कडक आसा. पण हिचा वजन वाढाक जागा होयी ना."

ते गेल्यावर बऱ्याच वेळाने मी गॅलरीत आले. ज्या बाईने मिलच्या अख्ख्या खात्याला पंगतीने जेवू घातलं, ती खाटेवर पाठ टेकून बसली होती आणि तोंड फिरवून पुरे पुरे म्हणत होती. काका समोर स्टुलावर, हातात पेजेची वाटी.

"घे गो, आणखी वाटीभर घे," ते म्हणत होते. "साकव धरतलो."